भूमीच्या पोटातले पाणी कोणाचे?

श्रीपांडुरंगाच्या कृपेने गेली चाळीस वर्षे आम्ही गावोगाव कीर्तनसेवा करीत आलो. कीर्तनकाराला प्रश्न विचारणारे श्रोते पुष्कळ भेटतात. जीव आणि शिव एक की दोन, सगुण थोर की निर्गुण, नामाने प्रारब्ध टळते की भोगावेच लागते, असल्या प्रश्नांची उत्तरे गुरुजींनी पाठशाळेतच आमच्याकडून घोकून घेतली होती. परंतु एक प्रश्न असा भेटला की, त्याचे उत्तर पोथीत शोधता शोधता आमचीच झडती झाली. विचारणारी कोणी पंडिता नव्हती. डोईवर हंडे वाहून वाहून मान आखडलेली एक म्हातारी माळकरीण होती.

हकीकत अशी. भीमेच्या खोऱ्यात, पालखीच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष गावाचा नव्हे, आमचा आहे. तेथे आमच्या फडाची लहानशी धर्मशाळा आहे. सन २०१३ च्या उन्हाळ्यात दुष्काळाने हाहाकार केला होता. आषाढीला दिंडी मुक्कामाला येणार, तिला पाणी कोठून पाजावे ही आम्हांस चिंता. एका भाविकाने पैसे दिले, पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखविली, बोअरची गाडी आली आणि तीनशे फुटांवर पाणी लागले. टाळमृदंगाचा गजर झाला, पेढे वाटले, दात्याच्या नावाची पाटी बसली. त्या रात्री आम्ही कीर्तनात नामदेवरायांच्या विहिरीची कथा लावली. मारवाडच्या वाळवंटात खोल विहिरीच्या काठी उभे राहून नामदेवांनी देवाला हाक मारली आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली, ती कथा. श्रोते डोलले. खरे सांगायचे तर आम्हीही थोडे फुगलो.

दोन वर्षांनी, चैत्रात, त्याच गावी सप्ताह होता. कीर्तन आटोपले, बुक्का लावून मंडळी पांगली, आणि ती म्हातारी पुढे आली. पाया पडली व म्हणाली, "महाराज, राग धरू नका. तुमच्या बोअरचं पाणी वारकऱ्यांना लई गोड लागतं. पर ते लागल्यापासनं आमच्या आळीचा आड माघातच तळ दाखवतो. आधी आखाजीपतूर पुरायचा. नामदेवांची विहीर देवानं भरून वाहवली, आन तुमच्या विहिरीनं आमची आटवली. आता ह्याचं पुण्य कुणाला आन पाप कुणाला, तेवढं सांगा."

आम्ही म्हटले, "माउली, उद्या सांगतो." त्या 'उद्या'ला आता दहा वर्षे उलटून गेली. या लेखात ते उत्तर देण्याचा यत्न करीत आहो. पाठशाळेच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडू. हे पूर्वपक्ष परक्या कोणाचे नाहीत. ते आमच्याच मनाने आमच्या बचावासाठी उभे केले होते.

पहिला पूर्वपक्ष असा की, जमीन आमची, म्हणून तिच्या खालचे पाणीही आमचे. याला सरकारी आधारही आहे, बरे का! १८८२ साली इंग्रजी अमदानीत ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणून जो कायदा झाला, त्यात जमिनीखालचे जे पाणी ठराविक प्रवाहाने वाहत नाही ते आपल्या हद्दीत काढण्याचा हक्क जमिनीच्या धन्याला मानला आहे. परंतु पाण्याला हद्द ठाऊक आहे काय? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अध्याय आहे. माणसाच्या अंगात जशा शिरा, तशा भूमीच्या अंगातही पाण्याच्या शिरा, कुठे वर कुठे खाली, असे तेथे सांगितले आहे. शरीरातली एक शीर कापली तर रक्त त्या एकाच बोटाचे जात नाही, साऱ्या देहाचे जाते. तसेच हे.

पुढे भूजल खात्यातले एक गृहस्थ आमच्या कीर्तनास आले होते. त्यांनी हीच गोष्ट आजच्या भाषेत समजावून दिली. आपल्या महाराष्ट्राची चार-पंचमांशांहून अधिक भूमी काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाचे थरावर थर साचून हा पाषाण झाला. तो स्वतः पाणी पीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरुमात आणि पाषाणाच्या भेगांत. म्हणजे आपल्या पायाखाली काही अथांग समुद्र नाही. थोडकी साठवण आहे आणि ती भेगाभेगांनी एकमेकींना जोडलेली आहे. एकाने खोल जाऊन ओढले की शेजाऱ्याच्या आडाचे पाणी त्याच्याकडे सरकते. एका ताटात दहाजण जेवत असता एकाने मोठा डाव घेतला, तर 'हा कोपरा माझा होता' असे म्हणण्यात काय अर्थ?

आमच्या धर्मशास्त्राने तर याच्याही पुढे जाऊन सांगितले आहे. विहीर किंवा तळे खणणे हे पूर्तकर्म. परंतु नुसते खणून ते पूर्ण होत नाही. त्याचा उत्सर्ग करावा लागतो, म्हणजे ते पाणी सर्व भूतांसाठी सोडून द्यावे लागते. त्या क्षणापासून खणणाऱ्याचा त्यावर खास अधिकार उरत नाही. दहाजणांतला एक होऊनच त्याने तेथले पाणी घ्यावयाचे. आम्ही बोअर खणला, पाटी लावली, कुलूपही लावले. उत्सर्ग मात्र केला नाही. मग ते पूर्तकर्म कसले?

दुसरा पूर्वपक्ष असा की, आम्हांस ठाऊक नव्हते. खालून पाणी सरकते हे कोणी पाहिले? जे दिसत नाही त्याचा दोष कसा लागेल? हा बचाव आम्हांस फार दिवस पुरला. पण एके दिवशी मीमांसेचा पाठ सांगता सांगता आम्हीच अडलो. यज्ञ आज होतो, फळ पुढे कधीतरी मिळते. मध्यंतरी जे न दिसता टिकून राहते त्यास आम्ही अदृष्ट म्हणतो. वारीला चाललेल्या प्रत्येक पावलाचे पुण्य दिसत नाही, तरी आपण ते मानतोच ना? मग पुण्य अदृष्ट असले तरी खरे, आणि पीडा अदृश्य असली की खोटी, हा कोणता न्याय? आपल्या सोयीचे तेवढे अदृश्य मानावयाचे, गैरसोयीचे टाकून द्यावयाचे, ही श्रद्धा नव्हे. ही लबाडी आहे. शिवाय खरोखर ठाऊक नव्हते असेही नाही. सार्वजनिक पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरांच्या आत, एकाच पाणलोटात, परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये असा कायदा आपल्या राज्यात १९९३ पासून होता. तो आळीचा आड आमच्या बोअरपासून दोनशे पावलांवर. आम्ही विचारले नाही, कारण विचारले तर 'नाही' म्हणतील हे मनात कुठेतरी होते. न विचारता राखलेले अज्ञान हे अज्ञान नसून सोय असते.

तिसरा पूर्वपक्ष मोठा गोड आहे. हेतू चांगला होता! वारकऱ्याला पाणी पाजणे यासारखे पुण्य नाही. येथे आम्हांस नाथमहाराजांची आठवण झाली. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला नेत असता वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव त्यांनी पाहिले, आणि देवाला वाहावयाचे ते पाणी त्याला पाजले, अशी कथा आपण नेहमी सांगतो. ती सांगताना आजवर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. नाथांनी स्वतःच्या खांद्यावरच्या कावडीतले पाणी पाजले. वाटेवरच्या कोणाच्या रांजणातले नव्हे. त्या दानात त्यांची शेकडो कोसांची पायपीट गेली. आमच्या दानात आमचे काय गेले? पैसे दात्याचे, पाणी आळीचे, आणि पाटीशेजारी उभे राहून हार घातले आमच्या गळ्यात. दुसऱ्याचे घेऊन केलेले दान ते दान नव्हे, हे पोरालाही कळते. भूमीच्या आत ते घडले, एवढ्यासाठीच आम्हां शहाण्यांना कळले नाही.

चौथा पूर्वपक्ष आपल्या वारकरी मंडळींत फार चालतो, म्हणून त्याचा विचार सावकाश करू. 'आड आटला, पाणी नासले, पोर दगावले, हे ज्याचे त्याचे प्रारब्ध.' गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे आहे. आधीची चार धुंडाळल्यावाचून एकदम पाचव्यावर बोट ठेवणे म्हणजे माउलींचा अठरावा अध्याय शेवटच्या पानापासून वाचणे होय.

गेल्या शतकाच्याही मागे पंढरीच्या यात्रेत पटकीने माणसे मरत. लोक म्हणत, देवीचा कोप. त्याच सुमारास, १८५४ साली, लंडन शहरातही पटकीचा कहर झाला. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या एका गल्लीच्या आसपास थोड्याच दिवसांत सहाशेंवर माणसे गेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी सांगितले की, रोग हवेतून येत नाही, गल्लीतल्या पंपाच्या पाण्यातून येतो. तेथे हेन्री व्हाइटहेड नावाचा एक तरुण धर्मोपदेशक होता. आमच्यासारखाच, देवाचे नाव सांगणारा. त्याला हे पटले नाही. डॉक्टरांचे म्हणणे खोडून काढावे म्हणून तो घरोघर फिरू लागला. माणसे त्याच्या ओळखीची, म्हणून त्याला खरे सांगत. फिरता फिरता त्यालाच पुरावा सापडला. पंपाशेजारच्या घरात एक तान्हे मूल आधी आजारी पडले होते. आईने त्याची दुपटी धुऊन ते पाणी घरापुढच्या मैल्याच्या टाकीत ओतले होते. ती टाकी आणि विहीर यांत तीन फुटांचेही अंतर नव्हते, आणि टाकीची विटबंदी झिरपत होती. त्या आईचा त्यात काय दोष? पण झिरपणारी टाकी विहिरीजवळ बांधणाऱ्याचा आणि ती तशीच ठेवणाऱ्यांचा दोष होताच. त्या उपदेशकाने आपले मत सोडून सत्य घेतले, हे आम्हांस फार मोठे वाटते. कीर्तनकाराने त्याच्यापासून शिकावे असे आहे. घरोघर आपण जातोच. विहिरीपाशीही जावे.

ही जुनी आणि परदेशची कथा म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात, सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या बाजूला, हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे नावाच्या आजाराने अनेकांना गाठले. रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास गेली, कित्येकांना श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले, काही दगावले. पुष्कळांना आधी जुलाब झाले होते, आणि तपासणाऱ्यांना दूषित पाण्याचा संशय आला. तेथली विहीर, टँकर, खाजगी शुद्धपाण्याची केंद्रे, सगळ्यांचे पाणी तपासावे लागले. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या जेथे मुक्काम करतात त्या शहराची ही गोष्ट. मातीत पाणी हळूहळू मुरले तर माती त्याला गाळते. पण आपल्या पाषाणाच्या भेगांत गाळणी नाही. वरचा मैला भेगेतून थेट आडात उतरतो. म्हणून मैला मुरविणारा खड्डा विहिरीपासून निदान १० मीटर आणि भेगाळ खडकात त्याहूनही पुष्कळ लांब असावा, असे जाणकार सांगतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी टाकू नये असे सांगितले आहे. मनूच्या काळी ते नदीच्या काठावर उभे राहून होत असे, आता ते परसातल्या खड्ड्यातून होते. निषेध तोच आहे.

पाचवा आणि शेवटचा पूर्वपक्ष : 'हे काम सरकारचे, नगरपालिकेचे. आपण नाम घ्यावे.' सरकारने करावयाचे ते केलेच पाहिजे, यात वाद नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, सुमारे ३४० किलोमीटरांवरून, पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. ती गाडी आली म्हणून लोक जगले. पण जमिनीतले पाणी काही एका दिवसात सरकारने उपसलेले नव्हते. ते आपण सर्वांनी थोडे थोडे करून उपसले होते. याज्ञवल्क्यस्मृतीत एक आचार सांगितला आहे. दुसऱ्याच्या पाण्यात स्नान करावयाचे तर आधी त्यातले मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावे. टीकाकार हे दोषनिवारणासाठी म्हणतात. परंतु व्यवहारात पाहा, प्रत्येक न्हाणाऱ्याने पाच गोळे काढले तर त्या तळ्यात गाळ उरेल काय? घेणाऱ्याने राखावे, हा त्यातला मर्म आम्हांस दिसतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही परत न देता नुसते भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. भूमीतून जे घेतो ते भूमीला परत दिल्यावाचून पिणे, ही चोरी नाही तर काय?

आणि राखणे म्हणजे आपल्यापुरते राखणे नव्हे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्य मानलेल्यांना कोणी तेथे शिवू दिले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा केवढा दंगा झाला! पुढे खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वाळवंटी एकमेकांच्या पाया पडणाऱ्या संप्रदायाने त्या दिवशी काय केले, हे आम्ही स्वतःला विचारतो आणि मान खाली घालतो. पाणी वरच्या आळीने उपसावे आणि खालच्या आळीने मागावे, हा भेद आजही जमिनीखालून चालू आहे. ज्याच्याकडे पैसा त्याचा बोअर खोल, ज्याच्याकडे नाही त्याचा आड कोरडा. उघड अस्पृश्यता आपण सोडली म्हणतो, आणि ही झाकलेली तशीच ठेवतो.

तेव्हा त्या माउलीला उत्तर असे. माउली, वारकऱ्यांची तहान भागली त्याचे पुण्य असलेच तर ते तुमच्या आळीचे, कारण पाणी तुमचे होते. आणि पाप आमचे. एवढे लिहावयास दहा वर्षे लागली.

प्रायश्चित्त काय घेतले तेही सांगणे भाग आहे, नाहीतर हा लेख म्हणजे आणखी एक पाटी होईल. प्रथम बोअरचे कुलूप काढले आणि फाल्गुन ते ज्येष्ठ मोटार बंद ठेवण्याचा नेम केला. वारीत लागणारे पाणी टँकरने मागवितो, आणि तो टँकर कोणत्या विहिरीवर भरला हे विचारल्याशिवाय आत घेत नाही. धर्मशाळेचा शोषखड्डा आडाच्या वरच्या अंगास होता, तो बुजवून खालच्या अंगास दूर नेला. छपरावरचे पाणी गाळून जमिनीत सोडले. छप्पर २०० चौरस मीटरांचे. ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावर एक लाख लिटर पाणी पडते. पूर्वी ते सारे गटारात जाई. आणि आमच्या भजनी मंडळाने एक नवा नेम घेतला आहे, तो सर्व फडांनी घ्यावा अशी विनंती आहे. दर एकादशीस, भजनाला बसण्यापूर्वी, दोरीला दगड बांधून आडाचे पाणी किती खाली आहे ते मोजावयाचे आणि भजनाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहावयाचे. भूजल खाते जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर असे चार वेळा आपल्या ठरविलेल्या विहिरी मोजते. आपल्या चोवीस एकादशा आहेत. ज्याला दर पंधरा दिवसांनी पाणी उतरलेले दिसते त्याच्या तोंडून 'ठाऊक नव्हते' हे निघत नाही. पाण्यात टी.सी.एल. पावडर पडली की नाही हे पाहणे आणि तपासणीची बाटली काळी पडली तर ते पाणी उकळल्यावाचून न पिणे, हेही त्याच वहीत येते.

एकट्याने नेम केला आणि शेजाऱ्याने नवा बोअर मारला तर फळ नाही, हेही अनुभवास आले. म्हणून हे काम पंगतीचे आहे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून, आधी पिण्याचे पाणी बाजूला काढून, मग पिके ठरविली. सारा गाव बसला म्हणून ते झाले. २००९ साली केलेला आणि २०१४ पासून लागू झालेला भूजलाचा नवा कायदाही ६० मीटरांपेक्षा खोल विहिरींना लगाम घालतो. परंतु कायदा वेशीपर्यंत येतो, परसात येत नाही. परसात येतो तो नेम. एकादशीला अन्न सोडणाऱ्या माणसाला चैत्रात मोटार सोडणे जड जाऊ नये.

गेल्या वर्षी त्या गावी पुन्हा सेवा झाली. ती माउली आता काठी टेकीत आली. आम्ही मोठ्या उमेदीने वही दाखविली. आड माघाऐवजी फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत पुरू लागला आहे. तिने वही उलटी-सुलटी पाहिली, हसली, आणि म्हणाली, "बरं झालं, महाराज. पर आखाजी अजून म्हयनाभर लांब हाय."

तो महिना अजून आमच्या अंगावर देणे आहे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!